उजव्या हाताला पांढरा खडक

ओसाका, ३ जून १९७९

प्रिय ताई,

पत्र बघून दचकू नकोस, आम्ही सगळे बरे आहोत. एरवी नववर्षाच्या कार्डावर चार ओळी खरडून मी वर्षभर गप्प बसते, हे मलाही कळतं. आज कारण आहे.

आमच्या गल्लीतल्या महिला मंडळाची सहल दर ऑक्टोबरात निघते. तीन वर्षं त्याच त्या गरम पाण्याच्या झऱ्यांत बसून बायका कंटाळल्यात. परवाच्या बैठकीत मी हात वर केला आणि म्हटलं, आमच्या हानेजिमाला चला. एका मासिकात आपल्या गुहांचे रंगीत फोटो आलेत, ते मी बरोबरच नेलं होतं. अठरा जणींनी तिथल्या तिथे नावं दिली. सासूबाईंनीसुद्धा. "अकरा वर्षं तुझ्या माहेरचं कौतुक ऐकतेय. शेवाळ, वारा आणि म्हाकूल मासळी सोडून तिथं आणखी काही आहे का, ते एकदा डोळ्यांनी बघू," म्हणाल्या. त्यांच्याकडून एवढं म्हणजे फार झालं.

तर असं ठरवलंय. सकाळच्या फेरीबोटीनं आम्ही धक्क्यावर उतरणार, तोकुजी भाऊजींच्या लाँचमधून गुहा बघणार, तुझ्या खानावळीत जेवणार, आणि मग दुकानातून काय काय घेणार. बाबा गेल्यानंतर मी बेटावर आलेच नाही. माझ्या सासरचं, हिदेओंच्या घरचं कुणी तर कधीच आलं नाही. मला त्यांना दाखवायचंय की मी कुठून आले.

चौदा ऑक्टोबर, रविवार. लाँच त्या दिवशी आमच्यासाठी राखून ठेव.

तुझी,
कियोमी


हानेजिमा, २६ जून १९७९

कियोमी,

पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला. म्हाकुलांचे दिवस आहेत, वाळवायला दोऱ्यांवर घालायची, उलटायची, काढायची, यात दिवस जातो.

ऑक्टोबर बरा नाही गं. उत्तरेचा वारा सुटतो, फेरीबोटच दोनदोन दिवस येत नाही. अठरा बायका इथं अडकल्या तर तुझ्याच नावानं बोटं मोडतील. आणि गुहेच्या तोंडाशी यंदा थोडी दरड पडली आहे. मासिकातल्यासारखं निळं पाणी उन्हाळ्यातच दिसतं. शिवाय माझी खानावळ म्हणजे सहा टेबलं. शहरातल्या बायकांना शंखातलं मांस चालतं का, तेही ठाऊक नाही. तुमच्या जवळपास चांगली बेटं आहेत, तिथं पूल आहेत, देवळं आहेत.

आमचे हे बरे आहेत. मी हल्ली यांच्यासोबत लाँचवर असते. भोंगा हातात घेऊन माहिती सांगते: "मंडळी, डाव्या हाताला आजोबांची दाढी हा कडा, आता थोड्या वेळात उजव्या हाताला पांढरा खडक, पक्ष्यांनी रंगवलेला, पैसे न घेता." लोक हसतात. शाळेत कविता म्हणताना माझे पाय कापायचे, आठवतं? आता दिवसाला चार फेऱ्या बोलते.

सासूबाईंना नमस्कार सांग. राग मानू नकोस.

ताई


ओसाका, १५ जुलै १९७९

ताई,

राग मानू नकोस म्हणतेस, मग काय मानू? वारा, दरड, टेबलं, देवळं. एक कारण दिलं असतंस तर मी विश्वास ठेवला असता. चार दिलीस तेव्हाच कळलं की खरं पाचवंच आहे.

मी बेट सोडून गेले याचा तुला अजून राग आहे का? बाबांच्या वेळी मी दोन दिवस उशिरा पोचले. तू तेव्हा काही बोलली नाहीस, आणि ते न बोलणं मी अजून उराशी घेऊन बसलेय. बाबांना तू सांभाळलंस, लाँच तुम्ही सांभाळलीत. मी शहरात मजा केली असं तुला वाटत असेल तर वाटू दे, पण माझ्या सासरच्या माणसांसमोर दार लावू नकोस.

आणि एक विचारते. आमच्या मंडळातल्या एक बाई मे महिन्यात बेटावर आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "तुझी बहीण नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून उभी असते, कानाशी लागून सारखी बोलत असते, नवं लग्न झाल्यासारखी." सगळ्या हसल्या. पण नंतर त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की भाऊजी धक्क्यावर चालताना दोरखंडाला अडखळले, आणि या बाईंनी समोरून नमस्कार केला तर बघितलं न बघितलं करून निघून गेले.

ताई, भाऊजी पितात का? त्यासाठीच तू लाँचवर जातेस का? मला सांग. मी काही उद्या गल्लीभर सांगत सुटणार नाही.

कियोमी


हानेजिमा, १९ ऑगस्ट १९७९

कियोमी,

पितरांचे दिवस झाले. आईबाबांचे दिवे पाण्यात सोडले. तुझ्या वतीनंही एक सोडला.

तू ओळखलंस. हे थोडी घेतात. फार नाही. म्हणून मी बरोबर असते. मी असले की सगळं नीट चालतं, चार वर्षांत एक ओरखडा नाही लाँचला. कुणाला बोलू नकोस.

तुझ्यावर माझा राग कधीच नव्हता. बाबांच्या वेळी मी बोलले नाही कारण माझ्यात बोलायचं त्राण नव्हतं, एवढंच. तू मात्र ते इतकी वर्षं वाहत राहिलीस, हे वाचून मला फार वाईट वाटलं. तेव्हा आता या. चौदा तारीख वहीत लिहून ठेवली आहे. मी लाँचवर असेन, सासूबाईंना माझ्या शेजारी बसवीन.

एक काम कर. शेजारच्या बाईच्या नवऱ्याला डोळ्यांचा त्रास आहे. बाजूचं दिसत नाही, नळीतून बघावं तसं समोरचं तेवढं दिसतं, आणि आता तेही धुरकट झालंय. ओसाकात मोठ्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे यावर काही इलाज असतो का, विचारून ठेवशील? त्या बाईला लिहिता येत नाही.

ताई


ओसाका, ११ सप्टेंबर १९७९

लाडक्या ताई,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि स्वयंपाकघरात उभी राहून रडले. सासूबाई म्हणाल्या, "कांदा तर दिसत नाही कुठे." मी म्हटलं, ताईनं बोलावलंय. दुसऱ्या दिवशी त्या बाजारातून तुझ्यासाठी ॲप्रन घेऊन आल्या. निळा. मला अकरा वर्षांत आणला नाही.

सहलीची तयारी जोरात आहे. चटईवाल्यांच्या घरच्या दोघी जावा बोटीला घाबरतात, त्या आत्तापासून आल्याच्या वड्या चघळतायत. कुणाला सुकं म्हाकूल न्यायचंय, कुणाला शंखांच्या माळा, आणि लाँचचं चित्र छापलेले तुझे ते रुमाल तर सगळ्यांनाच. चाळीस तरी ठेव. सासूबाईंची एकच अट आहे: "हॉटेलातलं नको. तुझ्या बहिणीच्या हातचा तो शंखांचा भात खाणार, आणि तो ती कसा करते ते चुलीपाशी उभं राहून बघणार." मी त्यांना तुझ्या वतीनं शब्द दिलाय. भात तूच करायचास, दुसऱ्या कुणावर सोपवायचा नाही.

तुझ्या शेजारणीचं विचारलं. हिदेओंच्या ओळखीचे डॉक्टर आहेत. ते म्हणाले, असं दुखणं बरं होत नाही, फार तर वाढणं लांबवता येतं. त्या माणसाला लवकर घेऊन यायला सांगा, आणि गाडी चालवत असेल तर आजच्या आज किल्ली काढून घ्या. तिला सांग. गाडी कुठली असणार म्हणा तिथं.

भाऊजींना सांग, त्या एका दिवशी शिवायचं नाही बाटलीला. माझ्यासाठी.

कियोमी


हानेजिमा, १ नोव्हेंबर १९७९

कियोमी,

तू हे उघडशील की नाही माहीत नाही.

सासूबाईंच्या अंत्यविधीला येऊ का, असं मी धक्क्यावर विचारलं तेव्हा त्यांना न्यायला आलेल्या हिदेओंनी नकाराची मान हलवली. म्हणून आले नाही. चटईवाल्यांच्या घरी मी वेगळं पत्र लिहिलं, ते परत आलं.

इथं खानावळ बंद आहे. अठरा जणींची ताटं मांडलेली होती, ती मी चार दिवस तशीच ठेवली. मग गावातल्या बायकांनी येऊन उचलली. यांना पलीकडे मुख्य भूमीवर कोठडीत ठेवलंय. आठवड्यातून एकदा भेटू देतात. चौकशी अधिकाऱ्यांना यांनी सांगितलंय की चूक माझी, लक्ष नव्हतं. बाकी काही बोलत नाहीत.

तुझ्या खांद्याची जखम भरली का, एवढंच कळव. कार्डावर एक ओळ चालेल.

मात्सुयो


ओसाका, २३ नोव्हेंबर १९७९

ताई,

खांदा बरा आहे.

इथं काय चाललंय ते आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. हिदेओ माझ्याशी कामापुरतं बोलतात. घरातल्या देव्हाऱ्यात सासूबाईंचा फोटो ठेवलाय. रोज सकाळी मी त्यांच्यासमोर भात ठेवते, आणि रोज सकाळी नणंद तो उचलून नवा ठेवते. गल्लीतून जाताना बायका खाली बघतात. कुणी वाईट बोलत नाही. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

तू तिथं नव्हतीस, म्हणून सांगते. समुद्र अगदी तेलासारखा होता. बायका गाणी म्हणत होत्या. सासूबाई डावीकडच्या बाकावर होत्या. "भात बघायचा राहिला, परत गेल्यावर तरी भांडं घासू देईल का तुझी बहीण," असं म्हणत होत्या. मी भाऊजींच्या शेजारी उभी होते. त्यांच्या तोंडाला वास नव्हता, ताई. मी मुद्दाम जवळ जाऊन बघितलं होतं. मग खालून असा आवाज झाला की जणू कुणी दात ओढतंय. लाँच उजवीकडे कलंडली, आणि बाक निखळला. तरंगायची जाकिटं बाकाखाली होती, ती बाकाबरोबर गेली. मी सासूबाईंची बाही धरली होती. बाही हातात राहिली.

भाऊजी पाण्यात हाका मारत होते, "कोण कुठे आहे, आवाज द्या." समोर दोन हातांवर चटईवाल्यांची धाकटी सून बुडत होती. तिच्याकडे तोंड करून ते विचारत होते, कोण कुठे आहे.

तेव्हापासून मी ते ऐकतेय. मग एका दुपारी मी तुझी जुनी पत्रं काढली. शेजारच्या बाईचा नवरा. तुझ्या शेजारी तर समुद्र आहे, ताई. पलीकडे ओनो काकूंचं घर दहा वर्षं बंद पडलंय.

तुला माहीत होतं का? मला सांग. मला एकटीला सांग. बाहेर कुणाला सांगू नकोस. माझ्या बहिणीला माहीत होतं आणि तरी तिनं माझ्या सासूला त्या लाँचमध्ये बसवलं, असं जर हिदेओंना कळलं, तर मला या घरात जागा राहणार नाही. चौकशीत मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, लाट आली. तेलासारख्या समुद्रात. त्यांनी लिहून घेतलं.

कियोमी


हानेजिमा, ४ डिसेंबर १९७९

कियोमी,

होय. माहीत होतं. चार वर्षांपासून.

आधी यांना संध्याकाळी दिसेनासं झालं. मग पायऱ्या चुकू लागल्या. परवान्याच्या तपासणीला भिंतीवर तक्ता असतो, त्यातल्या एका बाजूला तुटक कड्यांची तोंडं कुठल्या बाजूला आहेत ते सांगायचं. मी आदल्या दिवशी काही विचारायच्या निमित्तानं त्या खोलीत गेले, तक्ता पाठ केला आणि घरी येऊन यांच्याकडून घोकून घेतला. वर, डावीकडे, खाली, डावीकडे. हे पास झाले. त्या दिवशी आम्ही लाल तांदूळ शिजवला, लग्नात शिजवतात तसा.

तेव्हाच मी भोंगा हातात घेतला. आजोबांची दाढी आली की तीनशे हात सरळ. उजव्या हाताला पांढरा खडक आला की लगेच डावीकडे वळायचं, कारण पुढे पाण्याखाली कातळ आहे. मी पर्यटकांना सांगत होते असं सगळ्यांना वाटे. मी यांना सांगत होते. गर्दीच्या आवाजात ऐकू गेलं नाही तर खांद्यावर बोट दाबायचं. तुमच्या मंडळातल्या बाईंनी जे नवं लग्न बघितलं ते हे.

सांगितलं का नाही, तर लाँच गेली असती आणि हे घरात बसले असते. यांना घरात बसलेलं मी बघू शकत नव्हते. दुसरं कारण नाही. मी शोधलं बरेच दिवस.

तुम्हाला येऊ नका म्हटलं, ते याचसाठी. मग तुझं पत्र आलं, बाबांबद्दलचं. तुला नाही म्हणवेना. मी असेन ना लाँचवर, असं मनाशी म्हटलं आणि दारूचं खोटं लिहिलं. यांनी आयुष्यात दारू चाखलेली नाही.

त्या सकाळी मदतीला येणारी बाई तापानं पडली. अठरा जणींचं जेवण. तू धक्क्यावर म्हणालीस, "ताई, तू स्वयंपाकाचं बघ, आम्ही काय लहान आहोत का?" मी यांना आत बोलावून म्हटलं, फेरी दुपारी करू, जेवण झाल्यावर. हे म्हणाले, "दुपारी वारा सुटणार नाही असं कुणी सांगितलंय? आत्ता पाणी शांत आहे. वीस वर्षांची वाट आहे माझी. तू राहा." मी राहिले. भाताला वाफ आली होती. खिडकीतून लाँच दिसत होती. पांढरा खडक आला, आणि लाँच वळली नाही. मी खिडकीतून ओरडले, "डावीकडे." इथून तिथपर्यंत कुठं ऐकू जाणार?

आता तुझ्या दुसऱ्या गोष्टीबद्दल. तू म्हणतेस सांगू नकोस. हेही तेच म्हणाले, परवा जाळीपलीकडून. "तू बोललीस तर दोघं आत जाऊ, आणि कियोमीच्या संसाराचं काय?" मी दोन दिवस तुमच्या दोघांचं ऐकायचा प्रयत्न केला. पण चटईवाल्यांच्या घरचा म्हातारा काल बेटावर आला होता. धक्क्याच्या टोकाला उभा राहिला, दोन्ही सुनांच्या नावानं फुलं टाकली, आणि परत जाताना माझ्या दुकानापाशी थांबून म्हणाला, "बाई, समुद्र तर शांत होता म्हणतात. मग झालं काय? मला कुणीच सांगत नाही." मी त्याला चहा दिला. त्यानं तो घेतला. मी त्याला सांगितलं नाही.

तो माणूस असा विचारत मरेल, ते मला चालणार नाही. सात तारखेच्या फेरीबोटीनं मी पलीकडे जातेय. तक्त्यापासून सगळं सांगणार. तुझ्या घरचं त्यामुळे जे होईल त्याला मी कारण आहे. क्षमा मागत नाही, ती मागण्यासारखं हे नाही.

मात्सुयो


ओसाका, २८ जानेवारी १९८०

ताई,

तुझी जबानी इथल्या वर्तमानपत्रात आली, तुला तूर्त घरी सोडल्याचंही. हिदेओंनी ती नाश्त्याच्या वेळी वाचली, घडी घालून माझ्यापुढे ठेवली आणि कामावर गेले. नवव्या दिवशी म्हणाले, "तू तिची पत्रं जपून ठेवलीस. वाचलीस. आणि मला लाट सांगितलीस."

मी म्हटलं, हो.

"घरात राहा किंवा जा, ते तू ठरव," म्हणाले. "पण आईसमोर भात ठेवू नकोस."

चटईवाल्यांचे आजोबा परवा दारात आले. मी घाबरले. त्यांनी वाकून नमस्कार केला, म्हणाले, "तुमच्या बहिणीनं मला पत्र लिहिलं. आता निदान कळलं." कशाला आले होते ते तेव्हा कळलं नाही. बहुतेक तेवढंच सांगायला.

त्यांनी पाठ फिरवली, आणि मी ओट्यावर बसून राहिले. कारण त्यांना सगळं कळलेलं नाही. तुलाही नाही.

मी तुला लिहिलं की मी भाऊजींच्या शेजारी उभी होते. पुढचं लिहिलं नाही. आजोबांची दाढी मागे पडल्यावर त्यांनी मला विचारलं, "कियोमी, पांढरा खडक दिसतोय का?" मी म्हटलं, "दिसतोय की, एवढा मोठा." मला वाटलं, माहेरवाशिणीची गंमत करतायत. मग त्यांनी विचारलं, "किती लांब आहे?" तेव्हा मंडळातल्या एकीनं फोटोसाठी मला हाक मारली होती. मी केस सारखे करत होते. खडकाकडे बघितलंसुद्धा नाही. म्हटलं, "बराच लांब आहे, भाऊजी, काळजी करू नका."

त्यांनी परत विचारलं, "नक्की ना?"

मी म्हटलं, "नक्की."

त्यानंतर दहा आकडे मोजण्याइतका वेळ गेला असेल.

साडेतीन महिने मी वाट बघतेय की ते कधी हे सांगतील. चौकशीत, वकिलाला, निदान तुला. तुझी जबानी मी चार वेळा वाचली. त्यात हे नाही, म्हणजे त्यांनी तुलाही सांगितलेलं नाही. लक्ष नव्हतं, एवढंच म्हणतायत. लक्ष त्यांचंच होतं, ताई. त्या लाँचवर दुसऱ्या कुणाचं नव्हतं.

मी त्यांना दारुडा समजले होते.

हिदेओंना काल सांगितलं. ते उठून बाहेर गेले, खूप वेळ अंगणात उभे होते. आत आल्यावर म्हणाले, "कुणाला सांगणार आहेस हे?" मी म्हटलं, ज्यांनी लाट लिहून घेतली त्यांना. त्यांनी गाडीचं वेळापत्रक फळीवरून काढून दिलं. त्याचा अर्थ जा असा, की परत येऊ नको असा, मला कळलं नाही. मी विचारलंही नाही.

पुढच्या मंगळवारी दुपारी मी मुख्य भूमीवर पोचेन. बेटावर येत नाही. आधी कचेरीत जाईन, आणि भेटू दिलं तर भाऊजींना भेटेन. तू धक्क्यावर येऊन उभी राहू नकोस, थंडी फार आहे.

कियोमी